आमच्या घरचा तोतया

मी नांदेडला एका बँकेत काउंटरवर बसते. समोर उभा राहिलेला माणूस तोच आहे का, हे दिवसभर तपासणं माझं काम. सही जरा तिरकी आली तरी मी म्हाताऱ्या माणसांना परत पाठवते आणि त्यांच्या शिव्या खाते. आणि माझ्याच माहेरी, अहमदपूरला, एक माणूस नायब तहसीलदार म्हणून आला, चहा प्याला, फेटा बांधून घेतला, माझ्या धाकट्या बहिणीशी सोयरीक करून गेला, आणि त्याला कुणी एक कागद विचारला नाही. मी विचारला, तर मला गप्प बसवलं. आजही हे आठवलं की माझं डोकं फिरतं. ते फिरू नये असं मला वाटतही नाही.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. मोंढ्याला, म्हणजे धान्याच्या बाजाराला, लागून त्यांचं किराणा-भुसाराचं दुकान, वर घर. सकाळी कपाळाला विभूती लावून, पांढरा शर्ट घालून गादीवर बसले की संध्याकाळपर्यंत येणारा-जाणारा त्यांना नमस्कार करतो. समाजाच्या मंडळाचे ते अध्यक्ष. मंडळाचं मुख्य काम सत्कार. पोरगं डॉक्टर झालं, सत्कार. पोरगी फौजदार झाली, सत्कार. बदलून आलेल्या साहेबाचा सत्कार आणि बदलून चाललेल्या साहेबाचाही सत्कार. आई असताना म्हणायची, अप्पांच्या कपाटात शाली जास्त आणि तिच्या पेटीत लुगडी कमी. आई गेली आणि त्यांना टोकणारं घरात कुणी उरलं नाही.

बाहेरच्या माणसाला हे हसण्यासारखं वाटेल, पण आमच्या भागात सत्कार ही गंमत नाही. लातूरच्या खोल्याखोल्यांतून पोरं वर्षानुवर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. जी पास होत नाहीत ती गावाकडं यायचं टाळतात, लग्नाकार्यात मागच्या रांगेत बसतात. आणि जो पास होतो त्याची उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, गुलाल उधळला जातो, चौकाचौकात फ्लेक्स लागतात. एकदा फ्लेक्स लागला की माणूस साहेब झाला. मग त्याला कागद विचारणं म्हणजे देवळात जाऊन पिंड कुठल्या दगडाची आहे असं विचारण्यासारखं.

हा मुलगा निलंग्याकडच्या एका गावचा. लातुरात खोली करून त्याची उमेदीची वर्षं गेलेली. निकाल लागला त्या दिवशी त्यानं गावातल्या एका मित्राला सांगितलं, झालो म्हणून. एवढंच. मित्रानं उत्साहात गावच्या वेशीवर फ्लेक्स लावला. फ्लेक्स बघून शाळेनं बोलावून सत्कार केला. शाळेतला फोटो बघून तिथल्या व्यापाऱ्यांनी केला. व्यापाऱ्यांचा फोटो फिरत फिरत अप्पांच्या मोबाइलवर आला आणि अप्पांच्या मंडळानं केला. प्रत्येकानं आधीच्याची शाल बघून आपली शाल घातली. पहिली शाल कशावरून, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. हे सगळं आम्हाला फार नंतर कळलं.

अप्पांनी व्यासपीठावर त्याच्या डोक्यावर फेटा ठेवला तेव्हाच मनात त्याला जावई केलं होतं. जात तीच, घर शेतीचं, पोरगा साहेब. माझी बहीण फार्मसीचा डिप्लोमा करून लातूरला एका मेडिकलवर कामाला होती. सकाळी नऊला काउंटरवर उभी राहायची, डॉक्टरांचं वेडंवाकडं अक्षर वाचायची, आणि तिला ते काम मनापासून आवडायचं. सोयरीक ठरली त्याच आठवड्यात अप्पांनी तिला काम सोडायला लावलं. म्हणाले, साहेबाची बायको गोळ्या विकत बसणार का? तिनं सोडलं. तो तिला आवडला होता, हेही खरं. गोरा, कमी बोलणारा, सारखे हात जोडणारा. गाडी पांढरी, पुढच्या काचेत लाल अक्षरांत ‘महाराष्ट्र शासन’ अशी पाटी. सध्या शिकाऊ आहे, जिल्ह्यात फिरती असते, पोस्टिंग यायचं आहे, असं तो विचारलं तरच सांगायचा. बाकीचं सगळं त्याच्या वतीनं अप्पाच बोलायचे.

सोयरीक पक्की करायचा कुंकवाचा कार्यक्रम आमच्या घरीच झाला. स्वयंपाकघरात मी अप्पांना गाठलं आणि विचारलं, “नेमणुकीचं पत्र बघितलं का तुम्ही?”

अप्पा माझ्याकडं असे बघत राहिले की जणू मी पाहुण्यांच्या ताटात खडे टाकले.

“ज्याला अख्ख्या समाजानं शाल घातली त्याला तू कागद मागून राहिलीस?”

“शाल कुणी घातली? तुम्हीच ना?”

“मग?” अप्पा म्हणाले.

मी पाण्याचा तांब्या उचलून बाहेर आले. बाहेर माझा नवरा पाहुण्यांना पान-सुपारी देत होता, त्यानंही मला डोळ्यानं गप्प राहा म्हणून सांगितलं. बँकेत बसून बसून तुझा स्वभाव संशयी झालाय, असं परतीच्या वाटेवर त्यानं लोहा गाव येईपर्यंत ऐकवलं. सगळे शहाणे होते. मीच एकटी वाकड्या तोंडाची.

आता भाकरीवाल्या मावशीबद्दल सांगते. अप्पांच्या दुकानाच्या बाजूच्या भिंतीला लागून एक पत्र्याचं शेड होतं. तिथं एक बाई मोंढ्यातल्या हमालांना ज्वारीच्या भाकरी, पिठलं आणि ठेचा करून घालायची. आम्ही शाळेत होतो तेव्हापासून ती तिथं होती. चुलीचा धूर अप्पांच्या भिंतीवर चढायचा आणि अप्पा दर दिवाळीला चुना लावताना तिचा उद्धार करायचे. शिवाय त्या बाजूनं त्यांना गोदामाला दार काढायचं होतं. जागा नगरपालिकेची, अप्पांची नव्हे. तिला उठवायचा अधिकार त्यांना नव्हता. नगरपालिकेत त्यांनी दोन-तीनदा सांगून बघितलं होतं, तिथं कुणी दाद दिली नाही. बाई तोंडाची फटकळ. अप्पांचा नोकर काही बोलायला गेला की हातातलं पीठ न झाडता त्याला असं झाडायची की तो उलट्या पावली परत.

मग अप्पांना जावई मिळाला. एका दुपारी अप्पांनी बहिणीला हाक मारली आणि म्हणाले, “तुझ्या त्याला फोन लाव. म्हणावं, जरा इकडून चक्कर मारा. त्या बाईला दोन शब्द सांगा, साहेबाच्या भाषेत.” बहिणीनं फोन लावला. तिला वाटलं, समजुतीनं होईल, रोजची कटकट मिटेल.

तो आला. गाडी शेडसमोर उभी केली. बरोबर एक जण होता, त्याच्या हातात कागदांची पिशवी, शिपाई असावा असा. बहीण वर गॅलरीत उभी होती, तिनं सगळं बघितलं, सगळं ऐकलं. घरात हात जोडून बसणारा तो माणूस खाली उतरल्यावर वेगळाच झाला. चुलीपुढं हमालांची पंगत बसलेली. हा म्हणाला, “मी नायब तहसीलदार. तहसीलमधून आलोय. ही जागा शासनाची हाय. परवापर्यंत रिकामी केली न्हाई तर जेसीबी आणतो आणि तुमच्यावर गुन्हा दाखल करतो.” बाई पहिल्यांदा उठून उभी राहिली. जी बाई कुणाला भीक घालत नव्हती ती हात जोडून म्हणाली, “साहेब, लेकरंबाळं हायत.” तो गाडीत बसून गेला. जाताना वर गॅलरीकडं बघून हसला, असं बहीण मला फोनवर सांगत होती आणि तिचा आवाज कसनुसा झाला होता.

मी त्याच मिनिटाला अप्पांना फोन लावला. म्हटलं, तुमची नगरपालिका काय मेली होती? अप्पा म्हणाले, “तू बँकेचं बघ.” आणि फोन ठेवला.

मावशीनं पत्रे काढले. पोराला घेऊन स्वतःच काढले आणि भंगारवाल्याला दिले, कारण ठेवायला जागा नव्हती. हमालांची पोटं मात्र सुट्टीवर जात नाहीत. मावशी त्याच जागेच्या थोडं पुढं, रस्त्याच्या कडेला तीन दगड मांडून उन्हात भाकरी थापायला बसली. सावलीला तिनं मोंढ्याच्या कमानीवरचा एक फ्लेक्स उतरवून दोन बांबूंना बांधला. त्या फ्लेक्सवर त्याचाच फोटो होता. फेट्यातला, हात जोडलेला, खाली मोठ्या अक्षरांत नायब तहसीलदारपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, आणि शुभेच्छुक म्हणून अप्पांचं नाव.

काही दिवसांनी कुणीतरी तिला सांगितलं, साहेबाच्या पाया पड, अर्ज दे, साहेब लोक ऐकतात. ती तहसीलला गेली. शिपायाला सांगायला साहेबाचं नाव तिला माहीत नव्हतं, म्हणून जाताना तो फ्लेक्स घडी करून काखेत मारून नेला. व्हरांड्यात तिनं तो उलगडला आणि म्हणाली, “ह्या सायबाला भेटायचंय.” शिपायानं बघितलं. कारकुनानं बघितलं. मग आतून खऱ्या नायब तहसीलदार मॅडम बाहेर आल्या आणि त्यांनीही बघितलं. या नावाचं कुणी तिथं नव्हतं. जिल्ह्यात नव्हतं. निवड झालेल्यांत नव्हतं. सगळं हापीस हसलं, प्रत्येकानं मोबाइलमध्ये फ्लेक्सचा फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत तो तालुकाभर फिरला. तक्रार मात्र एकानंही केली नाही. मॅडम म्हणाल्या, तुमचं काही असेल तर ठाण्यात द्या. ज्या पदाची चोरी झाली त्या पदावर बसलेल्या बाईला राग आला नाही, हे मला अजूनही पटत नाही.

मावशी तिथून सरळ अप्पांच्या दुकानावर आली. गिऱ्हाइकं होती. तिनं फ्लेक्स गादीवर फेकला आणि म्हणाली, “शेठ, तुमचा जावाई साहेब न्हाई. कोनीच न्हाई त्यो.”

अप्पांनी तिला हाकलून दिलं. बहिणीनं त्याला फोन केला. तो म्हणाला, ती बाई खोटी आहे, पोस्टिंगची ऑर्डर वाटेत आहे. दुसऱ्यांदा केला तर फोन बंद. मी नांदेडहून मिळेल त्या एसटीनं निघाले.

मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचे मामा आले. बरोबर गावचे दोघे जण. अंगठी, कपडे, कुंकवाला दिलेलं सगळं त्यांनी पिशवीतून काढून सतरंजीवर मांडलं. आम्हाला वाटलं, आता माफी मागतील. मामा घसा खाकरून, दारातल्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “पोरीचं लातुरात काहीतरी होतं, असं आमच्या कानावर आलं. म्हणून आम्हीच सोयरीक मोडून राहिलो. आमच्या पोरानं कधी म्हटलंच न्हाई मी साहेब हाय म्हणून. तुम्हीच म्हणलाव.”

मी उठून काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आणि अप्पा? ज्या माणसाच्या घरात येऊन त्याच्या पोरीच्या तोंडाला काळं फासलं, तो माणूस खाली मान घालून सतरंजीचे दोरे उपटत बसला. का, ते मला नंतर कळलं. मामांनी आधीच बाजूला घेऊन त्यांना एवढंच सांगितलं होतं, की गोष्ट वाढली तर मंडळाच्या अध्यक्षांनी खोट्याला फेटा बांधला आणि खोट्याच्या हातून गरिबाला उठवलं, हेही बाहेर येईल.

आठवड्याभरात मोंढ्यात दोन गोष्टी सांगितल्या जात होत्या. एक, पोरगा तोतया निघाला. दुसरी, पोरीचंच काहीतरी होतं. पहिली गोष्ट लोक हसून सांगायचे आणि दुसरी हळू आवाजात. हळू आवाजातली जास्त टिकते. लातूरच्या मेडिकलवर परत घेता का म्हणून बहिणीनं विचारलं, तर मालक म्हणाला, बघू, जरा वातावरण निवळू दे. निवळू दे म्हणजे काय, तिनं काय केलं होतं?

ती मला म्हणाली, “अक्का, मी हे ऐकून घेणार न्हाई. त्याला आत घालायचा. कोर्टानं म्हणलं पाहिजे खोटं कोण होतं ते.”

आम्ही ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार अप्पांच्या ओळखीचे, मागच्या साली मंडळाची शाल घेतलेले. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं आणि म्हणाले, “बाई, सोयरीक मोडली हा काही गुन्हा न्हाई. वस्तू परत मिळाल्या का? मिळाल्या. मग फिर्याद कशाची देताव?” आणि वर, पोरीच्या जातीनं ठाण्याची पायरी चढली की नावाची जास्त चर्चा होते, असा सल्लाही दिला. पाणी न पिता आम्ही उठलो.

मग लातूरला एका वकीलबाईंकडं गेलो. मला त्या आवडल्या, कारण त्यांनी हळहळ केली नाही. म्हणाल्या, “लोकसेवक असल्याची बतावणी, न्याय संहितेचं दोनशे चार कलम. सहा महिन्यांच्या खाली शिक्षा नाही, तीन वर्षांपर्यंत जाते. पण नुसतं साहेब म्हणून मिरवला, हार घातले, एवढ्यावर ते लागत नाही. त्या पदाच्या जोरावर त्यानं काहीतरी केलेलं पाहिजे, निदान करायला गेला पाहिजे. तोतयेगिरी करून फसवलं, हेही कलम लावायला सांगू. पण तेवढ्यावर ठाणं हलणार नाही, ते म्हणतील समजुतीचा घोटाळा झाला. मला सांगा, त्यानं साहेब म्हणून कुणाला हुकूम दिला? कुणाला दम दिला? कुणासमोर?”

बहिणीनं मान खाली घातली. टेबलावरच्या काचेखाली कुठल्याशा देवाचा फोटो होता, त्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “दिला होता. आमच्याच दारात. मीच फोन करून बोलावलं होतं.”

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, तुम्हाला तो खोटा आहे हे माहीत नव्हतं, त्यामुळं बहुतेक तुम्हाला कुणी आरोपी करणार नाही. पण जबाबात नाव येईल. कुणी बोलावलं, का बोलावलं, सगळं येईल. पेपरातही येईल. आणि त्या बाईनं फिर्याद दिली पाहिजे, कारण दम तिला दिलाय.

कायद्याची मला तेव्हा चीड आली. माझ्या बहिणीचं काम सुटलं, नाव गेलं, रोज सकाळी दुकानाच्या पायऱ्या उतरणं तिला नकोसं झालं, हे त्या कलमात कुठंच बसत नव्हतं. बसत होती ती एकच गोष्ट, जी आमच्या घराच्या सांगण्यावरून झाली होती. त्याला पकडायला दुसरी जागाच नव्हती.

घरी येऊन बहिणीनं अप्पांना सगळं सांगितलं. अप्पा ऐकत गेले तसे त्यांच्या मानेच्या शिरा ताठ होत गेल्या.

“गुन्हा त्यानं केला आणि नाव माझं?”

“तुमच्या सांगण्यावरून आला होता तो.”

“मी काय म्हणलं? जरा समजावून सांगा, एवढंच म्हणलं.”

“साहेबाच्या भाषेत म्हणलाव,” बहीण म्हणाली.

अप्पांनी गादीवर हात आपटला. म्हणाले, मंडळ सोडावं लागेल, बाजारात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि तुझं काय, वर्षभरात लोक विसरतील, दूर कुठं उदगीर-देगलूरकडं एखादं स्थळ बघू. मी म्हटलं, विसरणार असतील तर तुमचंही विसरतील की. त्यावर ते मला म्हणाले, तू आमच्या घरात बोलू नको, तुझं घर नांदेडला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की अप्पांना त्या पोरानं फसवलं याचं दुःख नव्हतंच. ते चारचौघांना कळलं याचं होतं. पोरगी त्यात कुठं नव्हती. मी त्यांच्यावर तेव्हा चिडले ती अजून चिडलेलीच आहे, आणि ते म्हातारे झालेत म्हणून राग कमी करावा असं मला कुणी सांगू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण मावशीकडं गेली. मी बरोबर होते. दगडाच्या चुलीवर तवा होता, वर आता दुसरंच कसलं तरी प्लास्टिक बांधलेलं. तिनं आमच्याकडं बघितलं आणि भाकरी थापत राहिली.

बहिणीनं उभ्यानंच सगळं सांगितलं. ठाण्यात चला, फिर्याद द्या, मी साक्ष देते म्हणाली.

मावशी म्हणाली, “आता आलाव व्हय? त्यो खोटा निघाला म्हणून आलाव.”

मावशीनं पिठाचा नवा गोळा घेतला.

“खरा निघला असता तर? माझं पत्रं गेलं ते गेलंच असतं. तुजं लगीन झालं असतं, तू गाडीत बसून गेली असतीस ह्या रस्त्यानं. तवा आली असतीस का माज्याकडं?”

मला वाटलं, आता ही काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेईल. माझ्याही तोंडात काहीबाही आलं होतं. बहीण म्हणाली, “न्हाई. न्हाई आले असते.”

मावशीनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. हात धुतले नाहीत. म्हणाली, “बोलावनारा कोन होता ते लिवून घेतील का?”

“लिहून घेतील.”

“तुज्या बापाचं नाव लिवलं तरच म्या अंगठा देनार. नुसतं त्या तोतयाचं नाव असंल तर मला कायबी करायचं न्हाई. त्यो काय, उद्या दुसरीकडं जाऊन फेटा बांधून घेईल. मला हितंच राहायचंय, तुज्या बापाच्या भिंतीपाशी.”

“मीच सांगते त्यांचं नाव,” बहीण म्हणाली.

मावशीनं आम्हाला बसा म्हटलं नाही. हमालांच्या भाकरी उरकेपर्यंत आम्ही उन्हात उभ्या राहिलो. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, चूल विझवली आणि आमच्या पुढं चालायला लागली.

ठाण्यात या वेळी वकीलबाई आल्या होत्या, त्यामुळं पाण्याचे ग्लास आले नाहीत आणि कॉम्प्युटर सुरू झाला. दोन हमालही आले, त्यांनी ऐकलेलं सांगितलं. मावशीनं फिर्याद दिली. तिला आठवत होतं ते तिनं त्याच शब्दांत सांगितलं, मध्ये एकदाही रडली नाही, अंगठा दिला आणि भिंतीला टेकून बसली. शेड ज्यांच्या भिंतीला होतं ते म्हणून अप्पांनाही बोलावणं गेलं होतं. ते आले, बाकावर बसले, आमच्याकडं त्यांनी बघितलं नाही. अंमलदारांनी त्यांना नमस्कार केला आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन खाली बघितलं.

बहिणीचा जबाब टाइप झाला. प्रिंट निघाली. जबाब देणाऱ्याला वाचून दाखवायची पद्धत आहे, तसा अंमलदारांनी मोठ्यानं वाचायला घेतला. “...माझ्या वडिलांच्या सांगण्यावरून मी सदर इसमास फोन करून बोलावून घेतले...” इथं ते थांबले. कागदावरून डोळे वर न करता म्हणाले, “बाई, ‘घरच्यांच्या सांगण्यावरून’ असं केलं तरी चालतंय. अर्थ तोच हाय.”

“न्हाई,” बहीण म्हणाली. “वडिलांच्याच. त्यांचं नाव बी टाका.”

अप्पा बाकावरून उठले. त्यांचा आवाज दुकानात चढायचा तसा चढला नव्हता, साधा होता. “साहेब, लिवून घ्या मग. ही माझी पोरगी न्हाई.”

टाइप करणारा शिपाई थांबला. हमाल दारातून आत डोकावले. मी अप्पांच्या दिशेनं दोन पावलं गेले, कशाला ते मलाही माहीत नाही, आणि वकीलबाईंनी माझा हात धरला. अंमलदारांनी अप्पांचं नाव घातलेली नवी प्रिंट काढून बहिणीपुढं सरकवली आणि कुणाकडंही न बघता म्हणाले, “खाली पूर्ण नाव लिवा. सही करा.”

तिनं पेन घेतलं. आधी स्वतःचं नाव लिहिलं. मग मध्ये अप्पांचं नाव, मग आडनाव, शाळेपासून लिहीत आली तसंच. कागद उचलून तिनं अंमलदारांच्या पुढं धरला आणि मधल्या नावावर बोट ठेवलं.

“त्यांना विचारा,” ती म्हणाली. “मी त्यांची पोरगी न्हाई तर हे मी दुसऱ्याचंच नाव लावून राहिले. मीबी तोतयाच झाले मग. लावा मलाबी कलम.”

अंमलदारांनी खरंच अप्पांकडं बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं, मावशीनंसुद्धा. अप्पांनी कागदावरच्या आपल्या नावाकडं बघितलं. मग ते पुन्हा बाकावर बसले.